फिरकीचा तांब्या, स्टीलची बाटली आणि आपली पाणी प्यायची रीत

पेठकरीण | सोमवार, सकाळी ७:४०

काल माळा आवरायला काढला आणि आजेसासूबाईंचा फिरकीचा तांब्या हाती लागला. काळाठिक्कर पडला होता. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून घासायला घेतला तसा हळूहळू गुलाबी रंग वर आला आणि पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आजेसासऱ्यांचं नाव दिसलं, त्याखाली गाव.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. सव्वा लिटर मावेल एवढा गोल पोटाचा तांब्या, गळ्याला पितळेचे आटे, त्यावर फिरवून बसवायचं झाकण, आणि झाकणावर पालथं बसणारं फुलपात्र. पंढरपूर, काशी, माहेर, बाळंतपण, कुठेही जायचं झालं तरी हा बरोबर असायचा. तहान लागली की फुलपात्र काढायचं, त्यात ओतायचं, शेजारी बसलेल्याला आधी विचारायचं आणि मग आपण प्यायचं.

याच आठवड्यात लेकीची या वर्षातली तिसरी बाटली निकामी झाली. पहिलीचं झाकण तुटलं. दुसरीच्या नळीत काळी बुरशी धरली, ती कशानेही निघेना. तिसरी स्टीलची, दिसायला सुरेख, पण तोंड एवढं रुंद की वरून प्यायला गेली की गणवेश भिजतो. मी म्हटलं, तोंड लावून पी. ती म्हणाली, "आई, तूच तर सांगतेस तोंड लावू नकोस, दुसऱ्याला द्यायची असते."

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. पोरांना आपण वरून प्यायला शिकवतो आणि हातात देतो ती तोंड लावून प्यायची बाटली. आपल्याकडे पाणी माठातून ओगराळ्याने काढतात, वरून पितात, दारी आलेल्याला विचारतात. दुकानातल्या बाटलीला यातलं काहीच ठाऊक नाही. तुम्ही घरात, कामावर, प्रवासात पाणी कशातून पिता? भरता कुठून? आणि तुमच्या घरची रीत काय? सविस्तर लिहा, मला खरंच हवंय.

घंगाळ | सोमवार, सकाळी ८:१५

आमच्याकडे अजून तांब्या-भांडंच. रात्री उशाशी भरून ठेवायचं, वर भांडं पालथं. बाटली फक्त गाडीवर. फिरकीचा तांब्या आजोळी होता, वाटणीत कुठे गेला कळलं नाही. फोटो टाका ना.

मुठाकाठ | सोमवार, सकाळी ९:०५

ताई, फार जुनी गोष्ट काढलीत. मी आता सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा थोडं लांबतं, सांभाळून घ्या.

पुण्याला पाणी नळाने मिळायची सवय इंग्रजांच्याही आधीची आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत दगड-चुन्याचा भुयारी नळ आणला. पंप नाही, काही नाही, नुसत्या उतारावर पाणी वाहायचं. हवा बाहेर पडावी आणि साफसफाईला माणसाला आत उतरता यावं म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले. पुढे कोंढव्याकडूनही नळ आला. हे पाणी पेठांमधल्या हौदांत पडायचं. साततोटी, काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही आज आपण रिक्षावाल्याला सांगतो ती नावं त्याच हौदांची. साततोटीवरून जाताना सात तोट्या किती जणांच्या डोळ्यांपुढे येतात?

१२ जुलै १९६१ ला मी आठ वर्षांचा होतो. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. आम्ही शुक्रवार पेठेत, घर वाचलं, पण नळाला टिपूस नाही. वाड्यातल्या विहिरीचा रहाट एरवी कुणी फिरवत नसे, तो पहाटेपासून रात्रीपर्यंत थांबला नाही. माझ्या हाताला झेपेल अशी एक छोटी कळशी होती, तिने मी पाणी वाहिलं. आई पाणी दुहेरी फडक्याने गाळायची, मोठ्या पातेल्यात खळाखळा उकळायची, निवलं की माठात. घरात नातेवाईक मिळून एकोणीस माणसं होती. कुणी किती प्यावं याचा हिशोब आईने केला नाही, पण पेल्यात घेतलेलं पाणी कुणी उष्टं टाकलं तर मात्र ती बोलायची. अजूनही माझ्या हातून पेल्यात पाणी उरत नाही.

तेव्हापासून मला विहीर बुजवलेली दिसली की पोटात कालवतं. पेठांतल्या किती वाड्यांच्या विहिरींवर आता पार्किंग आहे.

गाळणं | सोमवार, सकाळी ९:२०

काका, वाचताना गलबलून आलं. माझे आजी-आजोबाही त्या पुरात नारायण पेठेत होते. आजी तो दिवस कधी बोलून दाखवत नसे. पण गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारी रात्रीच घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायची, वाट्यासुद्धा.

साचेकार | सोमवार, दुपारी १:३०

मी भोसरीला प्लास्टिकचे साचे करतो. डबे, बाटल्या, झाकणं, सगळं. पेठकरीण, तुम्ही ज्यावर बोट ठेवलंय ते आमच्या कामातलं रोजचं आहे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलो.

बाटलीतून पाणी बाहेर येतं तेव्हा तेवढीच हवा आत जावी लागते. तोंड अरुंद असेल आणि हवेला वेगळी वाट नसेल तर दोघांची एकाच दारात गर्दी होते, पाणी गुडगुड करत हिसक्याने पडतं. तोंड रुंद असेल तर हवा सहज जाते, पण पाण्याची धार न होता चादर होते आणि ती हनुवटीवर. वरून प्यायला बोटाएवढी एकसंध धार लागते. त्यासाठी बारा-पंधरा मिलिमीटरची चोच आणि तिच्या समोरच्या बाजूला हवेसाठी वेगळं बारीक भोक, एवढं पुरतं. साच्यात ते भोक करायला फार खर्च येत नाही. पण ज्या बाटलीवरून नमुना घेतलेला असतो ती तोंड लावून प्यायची असते, आणि नमुन्यात जे नसतं ते आमच्याकडून कुणी मागत नाही.

तुमच्या तांब्याचा काठ बघा. गळा आवळलेला आणि ओठ बाहेर वळवलेला असेल. त्या वळणामुळे धार तुटते तेव्हा स्वच्छ तुटते, पाणी मागे फिरून पोटावरून ओघळत नाही. चहाची किटली ओघळते, तांब्या ओघळत नाही, ते या काठामुळे. ज्याने कुणी हा आकार पहिल्यांदा केला त्याला पाणी ओतणं कळत होतं.

दुसरं म्हणजे धुणं. बाटली घेताना दुकानातच आत हात घालून बघा. बोटं खांद्याच्या आतल्या वळणापर्यंत पोचली पाहिजेत, कारण बुळबुळीत थर तिथेच धरतो. मग रुंद तोंडही हवं आणि अरुंद धारही हवी. उपाय एकच, झाकण दोन टप्प्यांचं. खालचा मोठा आटा भरायला आणि धुवायला, वरची चोच प्यायला. ओगराळ्यानेही भरता येते, माठाच्या तोटीखालीही धरता येते. नळीवाली बाटली लहान मुलांना देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः तिचे साचे केलेत, माझ्या मुलाला कधी घेतली नाही.

झाकणातली सिलिकॉनची रिंग आठवड्यातून एकदा टूथपिकने काढून खालची खाच घासा. वास येतो तो पाण्याचा नसतो, त्या खाचेचा असतो.

पेठकरीण | सोमवार, दुपारी २:१०

साचेकार, आत्ता उठून तांब्याचा काठ पाहिला. अगदी तसाच बाहेर वळलेला आहे. तीन वेळा ओतून पाहिलं, एक थेंब मागे आला नाही. एवढी वर्षं घरात असून कधी लक्षात आलं नव्हतं.

घंगाळ | सोमवार, दुपारी ४:००

थर्मासच्या बाटलीबद्दल एक. दोन भिंतींच्या मधली हवा काढून टाकलेली असते म्हणून ती गार-गरम धरते. एकदा जोरात पडून चेपली की ती पोकळी जाऊ शकते. ओळखायचं कसं, तर कडकडीत पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात फिरवायचा. पोटाला कुठेही चटका लागला तर संपली. आमच्या दोन अशाच गेल्या.

उंबरठा | सोमवार, संध्याकाळी ६:४५

पेठांतली चर्चा वाचून बरं वाटतंय, पण पुणं आता तेवढंच नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली, त्यातल्या एका गावात आम्ही राहतो. सोसायटीत नळ आहेत, त्यांना येतं ते टँकरचं आणि बोअरचं पाणी. मागच्या महिन्यात मी पाण्यातले क्षार मोजायचं मीटर आणून मोजलं. बोअरचं ८४०. सदाशिव पेठेत बहिणीकडे मोजलं, ७६. खडकवासल्याचं पाणी पावसाचं, धरणातलं, म्हणून मऊ. आमचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून येतं, क्षार घेऊनच येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विद्राव्य क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २०००.

म्हणून आम्हाला आरओ लागतो, बहिणीला लागत नाही. तरी तिच्याकडेही आहे. जिथे क्षार ५०० च्या आत आहेत तिथे आरओवर बंदी घालावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण मंत्रालयाला २०१९ मध्येच दिला होता. आरओ गोडं पाणी देतो त्याच्या कितीतरी जास्त पाणी मागच्या नळीतून सोडून देतो. आम्ही ती नळी बादलीत सोडली आहे, त्या पाण्याने फरशी पुसतो. बहिणीचं मोरीत जातं. तिला सांगून थकले.

आणि जार. दारावर येणारा गार पाण्याचा जार कुठे भरला, कशाने धुतला, काही कळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण निघाले, काहींच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, दूषित पाण्यावर संशय गेला. त्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या बायकांनी पहिल्यांदा टँकरवाल्याला विचारलं, पाणी कुठून आणतोस? तोवर आम्ही फक्त 'कधी आणतोस' एवढंच विचारत होतो.

बाटली कुठली घ्यावी हा प्रश्न मला त्याच्या नंतरचा वाटतो. आधी तिच्यात काय भरतो ते बघू.

शंभर_नाडी | सोमवार, रात्री ९:३०

उंबरठा ताईंशी पूर्ण सहमत. मी डॉक्टर आहे, पावसाळा जवळ आलाय म्हणून नेमकं तेवढं लिहितो.

शंका असेल तेव्हा पाणी उकळा. बुडाशी बुडबुडे दिसले म्हणजे उकळलं असं नाही. खळाखळा उकळी फुटून ती किमान एक मिनिट टिकली पाहिजे. मग झाकून निववा आणि पुन्हा गार पाण्याच्या भांड्यात मिसळू नका. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. निवळ दिसतं म्हणून ते प्यायचं नाही, नंतर उकळायचं किंवा क्लोरीनचे थेंब टाकायचे.

तांब्याच्या भांड्याबद्दल दोन्ही टोकांचं ऐकतो. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यात जुलाबाचे बरेच जिवाणू मरतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. आजीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्याने क्षार जात नाहीत, कीटकनाशकं जात नाहीत, आणि सांडपाणी मिसळलेलं पाणी पिण्याजोगं होत नाही. तांबं पाण्यात थोडं उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, साध्या पाण्याने ती सहसा गाठली जात नाही. आंबट घातलंत तर गोष्ट वेगळी. लिंबू सरबत, ताक, कोकम, फळांचा रस तांब्याच्या बाटलीत कधीही नाही. जुनी माणसं 'कळकलं' म्हणायची ते हेच. उलट्या सुरू झाल्यावर माझ्याकडे आलेल्या एका कॉलेजच्या मुलाने सकाळी तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी भरलं होतं आणि दुपारी प्यायला होता. विल्सन नावाच्या आजारात शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही, त्या घरांत तर हे भांडं नकोच.

नव्या बाटल्यांवर भारतीय मानक ब्यूरोची खूण बघून घ्या. तांबं, स्टील, ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी आयएस १७८०३ हे मानक आहे.

गाळणं | सोमवार, रात्री १०:०५

डॉक्टर, शिळ्या पाण्याचं काय? आमच्याकडे सकाळी उठलं की माठ, कळशी, बाटल्या सगळं ओतून टाकतात. 'कालचं पाणी' म्हणून.

शंभर_नाडी | सोमवार, रात्री १०:२०

झाकलेलं आणि हात न घातलेलं पाणी एका रात्रीत शिळं होत नाही. भांडं रोज घासावं, पाणी मात्र फेकू नये. माठात वाटी किंवा पेला बुडवला तर पाणी बिघडतं, म्हणून लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटी. जुन्या घरातली ही एक रीत शंभर टक्के जपावी अशी.

उंबरठा | सोमवार, रात्री १०:२५

आमच्याकडे कालचं पाणी आज ओतायची हिंमत कुणाची होत नाही. टँकरचं बिल डोळ्यापुढे येतं.

ओंजळ | मंगळवार, सकाळी ६:५०

रात्री हा धागा वाचला आणि झोप लागली नाही. राग नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझी आजी जुन्नरकडच्या एका खेड्यातली. पेल्याला तोंड न लावता प्यायची. इतकी सफाईदार की गळ्याची हालचालही दिसायची नाही, थेंब सांडायचा नाही. लहानपणी मला वाटायचं, आजीला स्वच्छतेची किती आवड. मी कॉलेजात गेल्यावर तिने एकदा सांगितलं. विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. घागर घेऊन लांब बसायचं. वरच्या आळीतली कुणी बाई आली आणि तिला वाटलं तर ती वरून धार सोडणार, आजी खाली वाकून ओंजळीत झेलणार. काठावर शिंतोडा उडाला तर शिव्या. आजी तिथे वरून प्यायला शिकली होती. पुढे स्वतःच्या घरात, स्वतःच्या पेल्यातूनही तिला तोंड लावणं जमलंच नाही.

पुण्यात बसून पाण्याच्या रीतीबद्दल बोलताना हे सुटू नये. गंज पेठेत, आपल्या याच गावात, १८६८ साली जोतीराव फुल्यांनी स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मुठाकाठ काकांनी सगळे हौद सांगितले, हा राहिला. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे. २० मार्च १९२७ ला त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं, तेव्हा ती ओंजळ कुणी वरून भरलेली नव्हती.

वरून पिणं आरोग्याला चांगलं असेल, डॉक्टर सांगतील ते खरं. पण पेठकरीण ताई, तुमच्या तांब्यावरचं ते फुलपात्र दुसऱ्यासाठी वेगळं ठेवलेलं होतं, की घरचेही त्यातूनच प्यायचे? मला तेवढंच विचारायचं आहे.

मुठाकाठ | मंगळवार, सकाळी ८:१०

चूक माझीच. फुल्यांचा हौद मी पहिला सांगायला हवा होता. बाकीचे हौद बांधणाऱ्यांनी पाणी गावात आणलं, पण ते सगळ्या गावाला मिळालं नाही. तुमच्या आजीबद्दल लिहिलंत त्याबद्दल तुमचे उपकार.

पेठकरीण | मंगळवार, सकाळी ११:३०

ओंजळ, तुमचा प्रश्न घेऊन सासूबाईंजवळ बसले. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, प्रवासात फुलपात्र एकच, घरचे त्यातूनच प्यायचे. आगगाडीत शेजारच्याने मागितलं तर त्याच्या ओंजळीत किंवा त्याच्याच भांड्यात ओतायचं. फुलपात्र द्यायचं की नाही हे आजेसासूबाई माणूस बघून ठरवायच्या. आणि वाड्याच्या ओट्यावर एक पितळी पेला पालथा असायचा, तो कधी आत आला नाही. तो कुणासाठी होता हे सासूबाईंना माहीत होतं आणि लग्न होऊन आल्यावर मलाही पहिल्या वर्षात कळलं होतं. पहिल्या पोस्टमध्ये मी 'शेजारी बसलेल्याला आधी विचारायचं' असं लिहिलं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं तुमच्यामुळे लिहिते आहे.

तांब्या मी वापरात काढणार आहे. फुलपात्रही. ते ज्याला तहान लागेल त्याच्या हातात जाईल, आणि त्याने तोंड लावून प्यावं. नंतर धुवायला मला दोन हात आहेत.

ओंजळ | मंगळवार, दुपारी १२:१५

पोचलं. धन्यवाद ताई.

दुचाकीवरून | मंगळवार, रात्री ८:००

मी दिवसभर दुचाकीवर असते, दवाखान्यांत औषधांचे नमुने देत फिरते. हडपसर, स्वारगेट, कोथरूड, एका दिवसात. बाटली माझ्याकडे उत्तम आहे. सकाळी भरलेली संध्याकाळी तशीच घरी येते. कारण प्यायलं की जायचं कुठे? रस्त्यावरचं स्वच्छतागृह बंद असतं, उघडं असेल तर आत पाय ठेववत नाही. दोन वर्षांत तीनदा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला. डॉक्टर म्हणतात पाणी प्या. माझ्यासारख्या शेकडो जणी पुण्यात फिरतात, भाजीच्या गाड्यावर बसतात, सिग्नलला उभ्या असतात, त्या सगळ्या तहान मारतात.

बाटलीच्या धाग्यावर हे लिहावं का, विचार करत होते. पण तहान मारणं हीसुद्धा आपल्याकडची एक रीतच झाली आहे, फक्त बायकांची.

शंभर_नाडी | मंगळवार, रात्री ८:४०

लिहायलाच हवं होतं. शाळेतल्या मुलींचंही हेच आहे. सकाळी दहा ते पाच न पिता बसतात आणि तक्रार घेऊन येतात ती पोटदुखीची.

फळा_खडू | मंगळवार, रात्री ९:१५

शाळेतलं मी सांगतो, प्राथमिक शिक्षक आहे. २०२० च्या दप्तर धोरणानुसार पहिली-दुसरीच्या मुलाचं दप्तर १.६ ते २.२ किलोच्या आत हवं. आता पाऊण लिटरची स्टीलची बाटली भरून तराजूत ठेवा, रिकामीच तीनशे-साडेतीनशे ग्रॅमची असते. म्हणजे एक किलोच्या वर नुसती पाण्याची बाटली. आमच्या वेळची गळ्यात अडकवायची वॉटरबॅग अर्ध्या लिटरची होती, ती संपली की शाळेच्या टाकीवर भरायची. आई-वडील मोठी बाटली देतात कारण टाकीवर भरवसा नाही. आम्ही यंदा टाकी धुतल्याची तारीख खडूने टाकीवरच लिहायला लागलो. महिन्याभरात निम्मी मुलं छोट्या बाटल्या आणायला लागली.

आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी आधी दुरुस्त केली. तीही त्याच यादीत होती.

पेठकरीण | बुधवार, संध्याकाळी ७:२०

तांबट आळीत जाऊन आले. फिरकीचे आटे दोन ठिकाणी झिजले होते, झाकण अर्ध्या वळणावर घसरत होतं. तिथल्या तांबट मामांनी तांब्या हातात घेतला, कानाशी धरून टिचकी मारली आणि म्हणाले, पत्रा जाड आहे, आणखी दोन पिढ्या जाईल. आट्याची कडी नवी बसवून पितळेने झाळून देणार आहेत. त्यांच्या हाताशी एक घंगाळ मठारायचं काम चालू होतं, एकाला लागून एक ठोका, पत्रा गोल फिरवत. एवढ्या आवाजात ते शांतपणे बोलत होते. मी विचारलं, हे ठोके शोभेचे का? म्हणाले, शोभा नंतरची, ठोक्याने पत्रा कडक होतो, चेपत नाही.

मग लेकीची स्टीलची बाटली त्यांना दाखवली. म्हटलं, या झाकणावर पालथं बसेल असं फुलपात्र करून द्याल का? त्यांनी दोऱ्याने माप घेतलं. स्टीलच्या बाटलीला तांब्याचं फुलपात्र त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं, पण हो म्हणाले.

साचेकार, दोन टप्प्यांचं झाकण कुठे मिळतं?

साचेकार | बुधवार, रात्री ९:००

व्यक्तिगत निरोप पाठवलाय. फुलपात्राचा काठ झाकणापेक्षा दोन मिलिमीटर मोठा ठेवायला सांगा, नाहीतर ओलं असताना अडकून बसेल. आणि झाकणावर बसवताना आत पाण्याचा थेंब राहू देऊ नका, हिरवट डाग पडतो.

गाळणं | बुधवार, रात्री ९:१०

मापं मिळाली की इथे टाका. मलाही करून घ्यायचंय. दोन.

पेठकरीण | पुढच्या सोमवारी, सकाळी ७:३०

दोन्ही वस्तू शनिवारी मिळाल्या, काल सिंहगडावर घेऊन गेलो. लेक, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी. वर पोचेपर्यंत बाटली अर्धी झाली होती, गणवेश भिजायचा प्रश्न नव्हता तरी तिघी फुलपात्रानेच प्यायल्या. टिळक बंगल्याच्या पुढे एका मावशींकडे दही घेतलं. त्यांचं पाण्याचं भांडं रिकामं झालं होतं, नातू भरायला गेला होता. लेकीने न विचारताच फुलपात्र भरून पुढे केलं. मावशींनी सवयीने ते वर धरलं. लेक म्हणाली, "मावशी, लावा की तोंड, चालतं आमच्याकडे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग त्या सावकाश, बसून, सगळं प्यायल्या आणि आणखी मागितलं.

गाळणं, मापं अशी: बाटलीच्या झाकणाचा बाहेरचा व्यास ५८ मिलिमीटर, फुलपात्राचा आतला ६०, उंची ६५, साधारण दीडशे मिलिलिटर मावतं. आतून कल्हई नाही, फक्त साधं पाणी. मामा म्हणाले दोन असतील तर एकदमच ऑर्डर द्या, पत्रा एकाच तुकड्यातून निघेल.